अठराचा आकडा

थेंबात कोणीच हललं नाही.

तिने सूक्ष्मदर्शकावरून डोळा उचलला, पांढऱ्या कोटाच्या टोकाने चष्मा पुसला आणि पुन्हा वाकली. काच बदलली. टाकीवर जाऊन नवा थेंब आणला, तोही ठेवून पाहिला. गुरुवार, सकाळचे सव्वादहा, खोलीत फ्रिजची घरघर आणि काचेखाली ही अशी शांतता. एरवी या एवढ्याशा थेंबात नुसती झुंबड असायची. देठावर उभं राहून पेल्यासारखं तोंड उघडणारे-मिटणारे, चपलेच्या आकाराचे आणि कायम उशीर झाल्यासारखे धावणारे, एक गलेलठ्ठ तर असा की पुढच्याला ढुशी दिल्याशिवाय पुढे जायचाच नाही. भाडेकरू, असं ती त्यांना म्हणायची. अख्ख्या शहराचं न्हाणीतलं, मोरीतलं, संडासातलं पाणी नळातून इथे, सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात, येतं, जाड गाळ खाली बसतो आणि उरलेल्या पाण्यातली घाण ही भाडेकरू मंडळी आरामात बसून खातात. त्यांना फक्त हवा लागते, ती टाकीच्या तळातून ब्लोअरने फुंकायची. खाऊन खाऊन ती जड होतात, तळाला जातात, मग वरचं निवळलेलं पाणी नदीत सोडायचं. एवढंच शास्त्र, बाकी सगळे पाइप, झडपा आणि साहेबांच्या मीटिंगा. आणि आज घरात कोणी नाही. देठ होते, देठांच्या टोकाला पेले नव्हते. शाळा सुटल्यावर वर्गात नुसती बाकं उरावीत तसे देठ.

खरं तर तिला नदीचा विचार यायला हवा होता, किंवा टाकीचा, गेला बाजार साहेबांना फोन करण्याचा तरी. पण डोक्यात टपकन पडला तो आकडा. अठरा. सोमवारी सकाळी साडेनऊला, अंगात कोट चढवायच्याही आधी, तिने एका छापील फॉर्मच्या चौकटीत अठरा लिहून सही ठोकली होती. शनिवारी नदीत शाळांच्या पोहण्याच्या शर्यती होत्या, केंद्रातून पाणी जिथे सुटतं तिथून जेमतेम दोन किलोमीटर खाली. क्रीडा कार्यालयाला पाण्याचा अहवाल सोमवारीच हवा होता. साहेब दारात उभे राहून म्हणाले होते, "बाई, तुमचा तो अठरा तेवढा टाका, म्हणजे माणूस पाठवतो." बाईंनी टाकला. घाणीचा आकडा तिसाच्या आत असला की पाणी पास. नमुना तिने भरला तो त्यानंतर, अकरा वाजता.

चाचणी पाच दिवसांची असते. काचेची बाटली काठोकाठ भरायची, काचेचंच बूच तिरकं सरकवून बसवायचं आणि पाच दिवस अंधाऱ्या कपाटात एकाच उबेला ठेवून द्यायची. आत जी काही जिवंत घाण असेल ती बाटलीतल्या मोजक्या हवेवर जगते. पाचव्या दिवशी उघडायचं आणि हवा किती उरली ते पाहायचं. घाण जितकी जास्त तितकी हवा आधी संपते. तिला हे शिकवणारे म्हातारे केमिस्ट बुडबुड्याच्या बाबतीत महाकडक. "पोरी, बाटलीत बुडबुडा राहिला ना, तर ती तुला खूश करायला काहीही बोलेल," असं म्हणून ते बाटली दिव्यासमोर उलटीसुलटी करायचे, तीनदा. पाच दिवस म्हणजे पाच दिवस. मध्ये रविवार आला तर रविवारी यायचं, आणि ती यायची, पहिल्यावहिल्या नोकरीच्या कौतुकाने, स्वतःचा श्वास रोखून बुचं बसवायची. मग केमिस्ट निवृत्त झाले आणि एका आठवड्यात एक बाटली तडकली. तेव्हा घरी बेडकी तापाने फणफणली होती. बेडकी म्हणजे तिची मुलगी. खरं नाव वेगळं आहे, पण बादलीत बसवली तरी बाहेर यायला रडायची म्हणून बेडकी. पुन्हा नमुना भरून पाच दिवस थांबणं काही शक्य नव्हतं, म्हणून तिने रजिस्टरमध्ये आपला अंदाजाने सतरा लिहिला. पुढच्या आठवड्यात मोजलं तर चक्क सतरा! मग गंमतच सुरू झाली. नमुना आणला की ती तो उजेडात धरायची, वास घ्यायची, आकडा बोलायची, आणि पाच दिवसांनी बाटलीही तोच आकडा बोलायची, फार तर एखाद्याचा फरक. चहाच्या पैजा लागायला लागल्या. साहेब स्वतः दोनदा हरले. "बाईंचं नाक म्हणजे यंत्र आहे," असं त्यांनी वरून पाहणीला आलेल्या मंडळींना सांगितलं तेव्हा ती लाल लाल झाली. तिच्या नाकाचं आयुष्यात कोणी कौतुक केलं असेल तर ते हेच, बाकी सगळ्यांनी नकटं म्हणून हिणवलं होतं. त्यानंतर बाटल्या उघडायचा कंटाळा यायला लागला. उत्तर पाठ असलेलं गणित कोण सोडवत बसतं? बाटल्या भरायच्या, कपाटात ठेवायच्या, पाचव्या दिवशी न तपासता मोरीत ओतायच्या आणि धुऊन पालथ्या घालायच्या. भरणं मात्र तिने कधी टाळलं नाही. एक बुडबुडा नाही. अशी चार वर्षं.

"बाई, बघितलंत?" दारात हवालदार उभा होता. हा काही पोलीस नव्हे, टाकीला हवा सोडणारे ब्लोअर सांभाळतो म्हणून हवालदार. मिशा मात्र पदाला शोभतील अशा.

"काय बघितलं?"

"आता मलाच विचारा! फेस बघा की टाकीवरचा. रविवारपासून काळपट मारतोय. वासही निराळाच, रंगाचा डबा उघडल्यासारखा. वरच्या अंगाला कोणीतरी काहीतरी सोडलंय नळात, माझ्याकडून लिहून घ्या."

"रविवारपासून? मग सोमवारी का नाही बोललात?"

हवालदाराने कान खाजवला. "बोलायलाच आलो होतो. फळ्यावर तुमचा अठरा बघितला आणि दारातनंच परत फिरलो. म्हटलं, बाईंनी लिहिलंय म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. आपलेच डोळे बिघडले असतील." आणि तो मनापासून हसला. "काल जाऊन नंबर काढून आलो चष्म्याचा. डॉक्टर म्हणतो, काका, डोळे ठणठणीत आहेत, कशाला आलात?"

तीही हसली. हसायची जागा होती म्हणून हसली, आणि ते हसू चेहऱ्यावरून काढून कुठे ठेवावं ते तिला कळेना. हवालदार गेल्यावरही ते तसंच राहिलं, पाहुणे गेल्यावर टेबलावर राहिलेल्या कपासारखं. तिने कपाट उघडलं. सोमवारच्या तीन बाटल्या खाली मान घालून उभ्या होत्या. तीनच दिवस झालेले, आत्ता उघडणं म्हणजे चाचणी मोडणं. तिने एक उघडली. चार वर्षांत हे केलं नव्हतं तरी हात चुकले नाहीत. पहिलं औषध नळीने बाटलीच्या तळाशी, मग दुसरं, मग बूच लावून वरखाली. बाटलीत हवा असली की तपकिरी ढग उठतो, चहासारखा. तो रंग तिला अजून आवडायचा. ढग उठला. पांढरा. दुधासारखा, कापसासारखा, कुठेही डाग नसलेला पांढरा. श्वासभरही हवा उरली नव्हती. आणि याहून वाईट गोष्ट तिच्या लक्षात आली ती बाटली हातात धरून उभी असताना. घाण किती असेल याचा अंदाज धरूनच बाटलीत किती स्वच्छ पाणी मिसळायचं ते ठरतं, आणि तिने अठरा धरून मिसळलं होतं. या बाटल्यांमधून खरा आकडा आता शनिवारीसुद्धा निघणार नव्हता. पाच दिवस काय, पन्नास दिवस थांबलं तरी बाटली एवढंच सांगणार होती की फार आहे, फारच आहे. खोट्या आकड्याने चाचणीचं तोंडच बांधून टाकलं होतं. मग तिने काय केलं? बाटली धुतली. नीट, ब्रशने, दोनदा, आणि पालथी घातली.

संध्याकाळी बेडकी सोफ्यावर पालथी पडून हवेत हातपाय मारत होती. तिचे बाबा दुसऱ्या शहरात नोकरीला, रविवारी येणारे, त्यामुळे घरात या पोहण्याला अडवणारं कोणी नव्हतं. "आई, मी वर्गात सांगून टाकलं, शनिवारी आपण माझ्या आईच्या सहीच्या पाण्यात पोहणार आहोत! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. म्हणजे, तिघांनी."

"पाय सरळ ठेव. उशी फाटेल."

"आणि शर्यतीत माझ्या शेजारी कोण आलीय माहितीये? काडी! ती पोहताना तोंड मिटतच नाही गं. दर हाताला एक घोट. शर्यत संपली की काठावर बसते आणि अशी..." बेडकीने ढेकर देऊन दाखवली, हुबेहूब, आणि स्वतःच्याच ढेकरेवर सोफ्याखाली पडेस्तोवर हसली. आईला ती ढेकर पोटात ऐकू आली. काडीला तिने एकदाच पाहिलं होतं, शाळेच्या फाटकाशी, गुडघे कोपरांएवढे, केसांना नीट पिन लावलेली. दर हाताला एक घोट. पन्नास हात तरी होत असतील.

"तुझा कान दुखत होता ना मागे?" ती म्हणाली. "मी म्हणते, या शनिवारी राहू दे. पुढच्या वर्षी आहेच."

बेडकी उठून बसली. "कान? आई, कान बाबांचा दुखत होता!" मग डोळे बारीक करून, "का गं? पाण्यात काही आहे का?"

"छे गं."

"मग झालं तर," असं म्हणून बेडकी पुन्हा पालथी झाली, आणि ही जी तिने झटक्यात मान फिरवली, एवढासा 'छे' पुरला तिला, एवढीशी सही, हे आईला सोसवेना. उठून ती भांडी लावायला गेली. आधीच लावलेली होती ती भांडी.

शुक्रवारी बसमध्ये खिडकीची जागा मिळूनही तिला कोंडल्यासारखं झालं. पुढच्या बाकावर कोणीतरी गोधडी गुंडाळून नेत होतं, डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता, आणि त्या वासाने तिला सरळ आठ वर्षांची करून टाकलं. शेजाऱ्यांच्या घरी लपाछपी चालली होती आणि ती पांघरुणांच्या कपाटात शिरली होती. बाहेरून कडी कशी पडली देव जाणे. आधी मुलांचे आवाज होते, मग एकेकाला घरी बोलावणं आलं, मग आवाज गेले. पांघरुणांत तोंड खुपसून ती बसून राहिली. घशाशी हाक आली होती, पण ओरडावं तर डाव गेला. आणि समजा राज्य घेणारा अजून दाराशीच टपून बसला असेल तर? जितका वेळ जात होता तितकं ओरडणं अवघड होत होतं, कारण मग आत्तापर्यंत का नाही ओरडलीस, हे आधी सांगावं लागलं असतं. दिवेलागणीला सापडली तेव्हा घामाने निथळत होती. आई गदागदा हलवत म्हणाली, "तोंडात काय मूग धरले होतेस? हाक मारायला काय झालं होतं?" आणि ती म्हणाली, "मीच जिंकले ना?" सगळे हसले होते तेव्हा. बस सिग्नलला थांबली. खिडकी उघडायला गेली तर काच बसलेली होती, सरकेना. पहिल्या आठवड्यात सांगता आलं असतं. पहिल्या महिन्यात, पहिल्या वर्षातही, जरा ओशाळून. आता दोनशेच्या वर आठवडे होते, आणि प्रत्येकाला तिने आतून कडी लावली होती.

साहेब फाइल वाचत होते, म्हणजे फाइलखाली वर्तमानपत्र. तिने उभ्यानेच सांगितलं, टाकीत जीव उरलेला नाही, उद्याच्या शर्यती थांबवायला हव्यात.

"कशावरून म्हणता?"

"थेंब बघितला. सोमवारची एक बाटलीही उघडली. आत हवा नाही."

"सोमवारची?" साहेबांनी बोटं मोजली, अंगठा करंगळीवरून सुरू करून. "पाच दिवस कुठे झालेत, बाई? चाचणी पाच दिवसांची आहे. उद्या अकराला उघडा, जो आकडा येईल तो लगेच कळवू आपण. मी स्वतः कळवतो."

"शर्यत नऊला आहे."

"त्याला मी काय करू? नियम म्हणजे नियम." चार वर्षांत साहेबांना पाच दिवस आठवले ते आज.

"साहेब, सोमवारचा अठरा चाचणी करून लिहिलेला नव्हता. तुम्हाला माहीत आहे."

"मला?" साहेबांचा आवाज इतका मऊ झाला की तिला दाराकडे सरकावंसं वाटलं. "मला कसं माहीत असणार? रजिस्टर तुमचं, बाटल्या तुमच्या, पानापानावर सही तुमची. मी आपला तुमच्या नाकाचं कौतुक करणारा भोळा माणूस." त्यांनी वर्तमानपत्राची घडी नीट केली. "नोकरीची बारा वर्षं उरलीत तुमची. मुलगी शाळेत. दमलायत तुम्ही, अर्धा दिवस रजा घ्या. आणि तो हवालदार काही फेसाबिसाचं बोलत असेल तर त्याला सांगा, तुझं काम हवा सोडायचं, अफवा नव्हे." आपल्याच विनोदावर ते खूश झाले.

तिने अर्धा दिवस रजा घेतली. क्रीडा कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, लाकडी बाक, एक खिडकी, खिडकीत चष्मा केसांवर चढवलेल्या ताई. पावणेचार वाजले होते. शर्यत थांबवायचं म्हटल्यावर ताई जराही दचकल्या नाहीत, जणू लोक रोज नदी थांबवायला येत होते. "सोपं आहे की. नवा अहवाल भरा. आकडा तिसाच्या वर गेला की शर्यत आपोआप रद्द. तुमच्या साहेबांची सहीसुद्धा लागत नाही, केमिस्टची पुरते. पाचच्या आत द्या म्हणजे झालं."

फॉर्म तोच, चौकट तीच. पेन चौकटीवर टेकलं आणि आकडा आपसूक नाकाशी आला, नेहमी येतो तसाच, डौलात. एकशे चाळीस. तिला खात्री होती. अठराचीही होती. लिहायचा अवकाश, शर्यत रद्द, काडी घरी, बेडकी घरी, कोणाला काही कळायचं कारण नाही. उलट बाईंनी ऐनवेळी पकडलं म्हणून कौतुकच. सोमवारी फळ्यावर नवा आकडा पडेल, टाकी हळूहळू पुन्हा भरेल, भाडेकरू येतील, चहा येईल. आणि कधीतरी एखाद्या रविवारी हवालदाराला फेस काळा दिसेल, तो बोलायला येईल, फळा वाचेल, दारातून परत फिरेल आणि डोळे तपासायला जाईल. खोलीत पंखा होता, खिडकी सताड उघडी होती, तरी श्वास छातीच्या वरच्या वरच फिरत होता.

"आकडा न लिहिता नाही का थांबवता येत?"

"येतं. आधीचा अहवाल मागे घेतला की शर्यतीची परवानगीच रद्द होते. पण तसं कोणी करत नाही हो." ताईंनी खणातून पिवळ्या फॉर्मचं न वापरलेलं पॅड काढलं, वरची धूळ फुंकली, एक फाडून दिला. कारणासाठी ओळ एकच, बोटभर. तिने लिहिलं, चाचणी केली नव्हती. सही केली.

ताईंनी चष्मा केसांवरून नाकावर आणला. "केली नव्हती? चुकली होती म्हणा. सगळे चुकलीच लिहितात. चुकली म्हटलं की कोणी काही विचारत नाही. खोडून देऊ का?"

"नको. केली नव्हती."

ताईंनी शिक्का उचलला, फॉर्मवर मारला आणि फोन ओढला. "शनिवारचं नदीतलं रद्द. हो, सगळं. शाळांना कळवा आत्ताच. पाण्याचा अहवाल गेला परत." फोन ठेवला. एवढंच. कुठे काही कोसळलं नाही. खालून कोणाची तरी गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. "झालं तुमचं काम. अजून काही?"

"हा फॉर्म एका अहवालाला एक लागतो का?"

"हो, पाण्याचा कुठलाही अहवाल असो, एकाला एक."

"मग अजून हवेत."

"किती?"

तिने बोटं मोजली नाहीत. "दोनशे सात."

ताई हसायला लागल्या आणि मध्येच थांबल्या. मग सबंध पॅड खिडकीतून पुढे सरकवलं. "यात शंभरही नाहीत. आणि खिडकी पाचला बंद होते, बाई."

"बाकीचे सोमवारी भरते."

ती बाकावर बसली, पॅड मांडीवर घेतलं. दुसऱ्या फॉर्मवर मागच्या आठवड्याची तारीख घातली आणि कारणाच्या ओळीत तेच तीन शब्द लिहिले. पिशवीत फोन वाजायला लागला. बेडकीच असणार, शाळेत बातमी पोचली असणार, आणि कोणाच्या सहीने रद्द झालं तेही. आता त्या पोरीला सगळं सांगावं लागणार होतं, कानाचंही. फोन थांबला, पुन्हा वाजायला लागला. चार वाजून दहा मिनिटं. तिने तिसरा फॉर्म फाडला.